नर्सबाईची खाट

अक्का, नर्सबाईनं दार लावून घेतलं नव्हतं.

हे एक वाक्य आधी सांगून टाकते. बाकीचं लिहिताना माझा धीर सुटला, तर निदान एवढं तरी सांगून झालेलं असावं. तुला जाऊन आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत गल्लीतली प्रत्येकजण तुझ्याबद्दल काही ना काही बोलली. तुझा विडी वळायचा वेग, तुझी शेंगाचटणी, तुझी जीभ. मी तेवढी गप्प होते. माझ्याजवळ जे होतं ते चारचौघीत सांगण्यासारखं नव्हतं.

लोकांना वाटतं मी दर रविवारी तुला पुस्तक वाचून दाखवायचे म्हणजे तुझ्यावर उपकार करायचे. खरं तर सुरुवात उलटी आहे. मी चौथीत असताना अम्मा, तू आणि शेजारच्या आणखी दोघी आमच्या ओट्यावर विड्यांची सुपं घेऊन बसायच्या. हात कामात, डोळे पानावर, कान तेवढे मोकळे. चौघींपैकी एकीलाही अक्षरओळख नव्हती. अम्मा म्हणाली, नुसती बसून काय खातीस, वाच काहीतरी. मग पेपर, मग पेपरातली गोष्ट, मग कुणाकुणाकडून आणलेल्या कादंबऱ्या. आपल्या घरांत तेलुगू, गल्लीत मराठी. पुस्तकातली मराठी मात्र तिसरीच. एखादा जड शब्द आला की तू हात न थांबवता विचारायचीस, म्हणजे काय गं. मला येत नसेल तर मी ठोकून द्यायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारून यायचे आणि खरा अर्थ सांगायचे. तू म्हणायचीस, कालचाच बरा होता.

आपल्या गल्लीतली पहिली पदवीधर मुलगी मी. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगताना मला आजही लाज वाटत नाही. काळ्या डगल्यातला माझा फोटो आमच्या घरात भिंतीला ओल होती म्हणून तुझ्या घरात लागला, देवांच्या ओळीत, शेवटी. पुढं अम्मा गेली. शेजारच्या दोघींचे हात थकले. उरलो आपण दोघी. रविवारी सकाळी मी पुस्तक घेऊन तुझ्या दारात बसायचे आणि तू सूप घेऊन आत, उंबऱ्याच्या पलीकडं.

सात रस्ता चौकाजवळच्या वाचनालयात मला नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं होतं, आता अक्काला चांगलं साहित्य ऐकवायचं. पहिल्या महिन्यात आणलं तसं. तू जांभया दिल्यास. एकदा तू वाचनालयात आली होतीस, तेव्हा सगळ्यात खालच्या फळीवर रंगीत मुखपृष्ठांचा एक ढीग बघून गेली होतीस. ती प्रेमाची पुस्तकं, अलीकडं धो धो येतात ती. मी ती मुद्दाम खाली ठेवायचे. तू म्हणालीस, "ती खालची आण की. वरची तू वाच."

आणली. तोंड वाकडं करून आणली. आणि पाच-सहा वर्षांत आपण दोघींनी खालची ती फळी जवळजवळ संपवली.

तुला नाव एकाही पुस्तकाचं लक्षात राहायचं नाही. लेखकाचं तर नाहीच. तुझी आपली वेगळी नावं. लिफ्टवाली. कॉफीवाली. रागीट बाबा. खोट्या लग्नाची. आता वाचनालयात कुणी खरं नाव घेऊन पुस्तक मागितलं, तर मला आधी तुझं नाव आठवतं आणि मग हात फळीकडं जातो.

लिफ्टवालीत पुण्याच्या कंपनीतली दोघं लिफ्टमध्ये अडकतात आणि बाहेर येईपर्यंत प्रेमात पडतात. मग तिचा एक मेसेज त्याला दिसत नाही. तेवढ्यावर दोघं अडीचशे पानं झुरतात. शंभराव्या पानाला तू कात्री खाली ठेवलीस. म्हणालीस, एक फोन लावला की मिटलं, कशाला एवढा कागद घालवला. मी तुला कॉलेजात शिकलेलं सांगायला लागले, की कादंबरीत ताण लागतो, अडथळा लागतो.

"अडचण असावी की," तू म्हणालीस. "पण भिंत असावी. ही दोघं दोरीवरचं लुगडं आडवं आलं म्हणून रडायलीत."

मी खूप वाचलंय अक्का. तीन वर्षं मराठी घेऊन, पहिल्या वर्गात. या नव्या प्रेमकथांचं दुखणं एवढ्या थोडक्यात सांगणारं वाक्य मला कुठं मिळालं नाही. यांच्यात जात नसते, घरात आजारी माणूस नसतं, पाठीला बहिणी नसतात, कामाची पाळी सांभाळायची नसते. सगळं मोकळं. मग प्रेम अडवायचं कशानं? मेसेजनं.

कॉफीवालीत नोकरी सोडून डोंगरात कॉफीचं दुकान काढलेली मुलगी होती. ते दुकान मला आवडलं होतं. खिडक्या, धुकं, पुस्तकांचं कपाट. तू निम्म्यापर्यंत काही बोलली नाहीस. मग विचारलंस, इथं कपबश्या कोण विसळतंय. मी म्हटलं असेल कुणीतरी. तू म्हणालीस बघ की शोधून. मी मागची सगळी पानं उलटून पाहिली. दीडशे पानं लोक कॉफी पितात आणि एक कप कुणी धूत नाही. त्या दिवसापासून माझं वाचणं बिघडलं ते बिघडलंच. कुठलंही नवं पुस्तक उघडलं की मी आधी भांडी शोधते.

आणि रागीट बाबा. या पुस्तकासाठी आमच्याकडं मुलींची यादी लागते, आधी नंबर लावावा लागतो. श्रीमंत, घुमा, रागीट. तो तिचं मनगट धरून तिला जिन्यावरून ओढत नेतो आणि तिच्या छातीत गोड धडधड होते. मी जरा रंगवूनच वाचत होते ते. तू डावा हात वर केलास. मनगटात तो हात वाकडा होता. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं तो कुणी वाकडा केला ते, पण नवरा मेल्यावरही तू कधी तोंडातून शब्द काढला नव्हतास.

"ह्याला धडधड म्हणत न्हाईत," तू म्हणालीस. "भ्या म्हणत्यात. वाच फुडं."

मी पुढं वाचलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन कार्ड लिहिलं.

ही कार्डं माझी कल्पना. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कार्ड चिकटवायचं, त्यावर दोन-तीन ओळीत आपलं मत, खाली सही. सभासद आधी मागून पुस्तक उघडतात, कार्ड वाचतात आणि मग ठरवतात न्यायचं की नाही. मॅडम, तुमच्या कार्डानं फसवणूक होत नाही, असं लोक म्हणतात. मी हसते. अक्का, त्या कार्डांवरचं एकही मत माझं नाही. तू बोलायचीस, मी ते धुऊन, इस्त्री करून लिहायचे. दोरीवरच्या लुगड्याचं मी केलं ‘कथेतील संघर्ष पुरेसा सबळ नाही’. कपबश्यांचं केलं ‘वास्तवाचे भान कमी’. आणि रागीट बाबाच्या कार्डावर मी लिहिलं ‘नायकाचे चित्रण काहीसे एकांगी’. तुझा मोडलेला हात मी ‘काहीसे एकांगी’त बसवला आणि खाली माझी सही केली. मुली ते कार्ड वाचतात आणि पुस्तक घेऊन जातात. त्यांना काय कळणार त्यातनं?

एका पुस्तकावर मात्र आपलं कधी जमलं नाही. खोट्या लग्नाची. घरच्यांना दाखवायला दोघं कागदावर लग्न करतात, वर्षभराचा करार, आणि करार संपता संपता खरंच एकमेकांत गुंततात. मला ते भंपक वाटलं. असं कुठं असतं का, मी म्हटलं. तू हसायला लागलीस, हातातली विडी सुटेपर्यंत. म्हणालीस, आमच्यात सगळ्यांचं आधी नाटकच असतंय, कुणाचं कधी खरं होतंय, कुणाचं होत न्हाय. या पुस्तकात तर एक वर्षानं सुटायची सोय होती. एवढं बरं लग्न मी बघितलं न्हाय. मी चिडले. म्हटलं अक्का, तू लेखिकेची बाजू घेऊ नको, तिला हे म्हणायचंच नव्हतं. तू म्हणालीस तिला काय म्हणायचं ते तिचं तिच्यापाशी, मला काय ऐकू आलं ते मी सांगतेय. पुढं कितीतरी रविवार तो वाद चालला. आता मला वाटतं तुझं बरोबर होतं. त्याचं कार्ड मी बदलणार आहे. पण तुझ्यासमोर हरायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. मी तुझ्यापुढं कधी हरलेच नाही, नुसता विषय बदलत गेले.

आता अवघड जागेवर येते.

या पुस्तकांत जवळिकीची पानं असतात. ती मी गाळायचे. आपल्यात तसं बोलणं नव्हतं, आणि मी काही झालं तरी गल्लीतली शिकलेली मुलगी. पण तुला कळायचं. शब्दांवरून नाही. तुला पान उलटल्याचा आवाज नेमका ठाऊक होता. दोन पानं एकदम गेली की तू सुपात बघत म्हणायचीस, "दोन गेली बग." मी म्हणायचे चिकटली होती. तू म्हणायचीस, ह्या पुस्तकात लई डिंक हाय. बास, एवढंच. ती आपली ठरलेली थट्टा होती. हे मी का सांगतेय ते पुढं येईल.

गेल्या वर्षी तुझं ते मनगट जास्तच दुखायला लागलं. वळायला जमायचं, पण पानं कापायला जमेना. भिजवलेल्या पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून त्या मापानं कात्री फिरवायची, हे शेकडो वेळा. कात्री धरायला उजवा हात होता, पण पान दाबून धरायला डावाच लागतो. तेव्हा समोरचे शिवाप्पा आले. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, सगळी नोकरी अक्कलकोटच्या बाजूला गेलेली, बायको वारलेली, मुलगा बाहेरगावी. ते म्हणाले, मी कापतो, मला काय काम हाय. आपल्या गल्लीत बाप्या माणसानं पानं कापायला बसणं म्हणजे त्यानं भर रस्त्यात भाकरी थापण्यासारखं. पण ते बसले. तुझ्या दाराबाहेर, पायरीवर, सगळ्यांना दिसेल असे. पहिल्या दिवशी पानं अशी वेडीवाकडी कापली की तू विचारलंस, गाडी तरी सरळ चालवत होता का. ते म्हणाले, गाडीला स्टेअरिंग असतंय हो लक्ष्मीबाई, ह्या कात्रीला काय हाय?

मग ते रोज दहा वाजता यायचे. रविवारी सुद्धा. मी चौकटीला टेकून वाचायचे, तू आत, ते बाहेर. ते अवाक्षर बोलायचे नाहीत. हसायचं असलं तर खाली बघून हसायचे.

आणि गल्ली बोलायला लागली. माझ्यासमोर हळू, माझ्यामागं जोरात. एकीनं तर वाचनालयात काउंटरवर येऊन, चार सभासदांसमोर विचारलं, तुमच्या अक्काला पानं कापायला माणूस मिळाला म्हणे, आमाला बी सांगा की कुठं मिळतंय ते. सगळे हसले. माझे कान तापले. मग वडीलधाऱ्या बायकांनी मला घेरलं. तूच सांग तिला, तुझं ऐकती, तू शिकलेली हायस.

हे शेवटचं वाक्य मला लागलं. चांगल्या अर्थानं लागलं, तेच वाईट झालं.

तेव्हाच नर्सबाईचं पुस्तक चालू होतं. साठीला टेकलेली, नवरा गेलेली, निवृत्त नर्स. समोरच्या घरातला एकटा पोस्टमन तिला रोज मेथी निवडून आणून देतो. प्रेम हा शब्द निम्म्या पुस्तकात येत नाही. पहिल्या रविवारी मेथी आली तेव्हा तू आतून म्हणालीस, "ऐकताय न्हवं? ह्यो बी हायच की तुमच्यासारखा." आणि पायरीवरून कात्रीचा आवाज थोडा वेळ बंद झाला. तीन रविवार ते पुस्तक चाललं. तू त्यात एकही खोट काढली नाहीस. या पुस्तकात भांडी घासलेली होती. भिंत खरी होती, मुलगा, सून, सगळी आळी. आणि पोस्टमन विचारायचा, जेवलात का, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. तू म्हणालीस ह्यो थांबतोय, बाकीचे विचारून फुडं जात्यात. एवढं चांगलं पुस्तक ती खालची फळी देईल असं मला वाटलं नव्हतं.

शेवट मी आदल्या दिवशी वाचनालयात बसून वाचला. आणि ठरवलं.

अक्का, मी तोंडावर बोलणारी आहे असं मी आयुष्यभर मिरवलं. साहेबांना बोलले, नातेवाइकांना बोलले. तुलाही बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की लोक हसतात आणि मला लाज वाटते. तू मला शिव्या दिल्या असत्यास, माझी लाज माझ्या पदरात टाकली असतीस आणि विषय संपला असता. मी ते केलं नाही. मी माझं बोलणं पुस्तकाच्या तोंडात घातलं.

त्या रविवारी शेवटच्या अकरा पानांवरचं मी काहीच वाचलं नाही. मनातलं बोलले. माझी नर्सबाई पोस्टमनला म्हणाली की या वयात माणसाला सोबतीपेक्षा मान मोठा असतो, आपण दोघं आपापल्या घरात राहून एकमेकांचा आदर करू. मग तिनं हात जोडले आणि दार लावून घेतलं. फार चांगल्या मराठीत रचलं होतं मी ते. कुठं अडखळले नाही. आणि बोलताना पानं एकेक करून उलटली, सावकाश, अकराच्या अकरा, प्रत्येक पानाचा आवाज तुला नीट ऐकू जाईल असा.

पुस्तक मिटलं. नेहमीसारखं विचारलं, कसं होतं अक्का? तू हातातल्या विडीला दोरा बांधून झाल्याशिवाय उत्तर द्यायची नाहीस. तो दोरा तू फार वेळ बांधलास.

"लिहिणारी बाई लई शिकलेली दिसती," तू म्हणालीस.

मला वाटलं तू स्तुती केलीस. खरंच वाटलं. शिवाप्पांनी कात्री सुपात ठेवली, कापलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळली, पटका झटकला आणि येतो म्हणून गेले. पुढच्या रविवारी पायरी रिकामी होती. मी विचारलं नाही. तूच सांगितलंस, माझा हात आता बरा हाय, म्हटलं त्यांना, कशाला रोज त्रास. आणि माझ्यासमोर तू पान दाबायला गेलीस आणि ते निसटलं. तू परत दाबलंस. मी चष्मा पुसला आणि नवं पुस्तक उघडलं.

एक सांगते, त्या दिवशी घरी जाताना मला बरं वाटत होतं. साहित्यानं माणूस सुधारतो, असं काहीतरी मनात होतं. हेही लिहून टाकते.

ते नवं पुस्तक तुला आवडलं नाही. त्याच्या पुढचंही नाही. तू पुन्हा पुन्हा नर्सबाईवर यायचीस. ही दार लावणारी बाई न्हवती गं, तू म्हणायचीस. अडीचशे पानं जी बाई असं करती, ती शेवटाला तसं कशी करंल? त्या लेखिकेला कुणीतरी काहीतरी बोललं असंल. मी म्हणायचे अक्का, शेवट लेखकाचा हक्क असतो. माझ्याइतका निर्लज्ज वाचक तुला दुसरा मिळाला नसता.

तू एका गुरुवारी सकाळी पडलीस. कुणाला कळलं ते दुपारी, दूधवालीची पिशवी कडीला तशीच दिसली म्हणून. डॉक्टर म्हणाले, सकाळी कळलं असतं तरी फरक पडला नसता. मी त्यांना काही विचारलं नव्हतं. पण दहा वाजता रोज येणारा एक माणूस त्या गुरुवारी आला नव्हता, आणि का आला नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी शिवाप्पा भेटले, गल्लीच्या तोंडाला. मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तुम्ही येत होता तेव्हा अक्काला बरं वाटायचं. ते म्हणाले, "न्हाय म्याडम, बरोबरच झालं. त्या पुस्तकातल्या बाईनं बी दार लावलं की. शाणी बाई."

मी तिथं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढचे सात दिवस त्यांच्या दारासमोरून जाताना रस्ता बदलला. आपल्या गल्लीत बदलायला रस्ता नाही, तरी बदलला.

काल गेले. पुस्तक घेऊन गेले. त्यांनी खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसले. मी म्हटलं, काका, मी त्या दिवशी खोटं वाचलं. शेवट मी बनवला होता. मी खरा शेवट वाचायला लागले. तुलाही आता तोच सांगते.

नर्सबाई सकाळी उठते. अंथरूण गुंडाळते. आणि समोरच्या पोस्टमनला नाही, तर आळीतल्या माणसांना हाक मारते, ज्यांनी तिला नावं ठेवली त्यांनाच. म्हणते, माझी खाट जड आहे, जरा हात लावा, समोर न्यायची आहे. भर उजेडात. शिसवी खाट, सासऱ्यांच्या वेळची. आधी कुणी हलत नाही. मग एक जण पुढं येतो, मग दुसरा. चौघं मिळून ती खाट रस्ता ओलांडून नेतात. ती मागून उशी घेऊन चालते. पोस्टमन मेथी निवडत असतो, तो उठून उभा राहतो. ती विचारते, जेवलात का? आणि थांबते. पुस्तक तिथं संपतं. दार उघडंच असतं.

मी वाचून थांबले. शिवाप्पा खाली बघत होते. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर मला सोपं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, खाटेचं परत वाचता का. मी परत वाचलं.

"चार जणं," ते म्हणाले. मग बसले होते त्या खाटेच्या कडेवरून हात फिरवला. "लक्ष्मीबाईंची खाट लोखंडी हाय. दोघांत उचलली असती."

मी उठले तेव्हा ते मला दारापर्यंत सोडायला आले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही, कारण ती त्यांच्याकडं मागायची नव्हती. पुस्तक राहू दे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं काका, तुम्हाला वाचता येतं, ठेवा. तर म्हणाले, "वाचायला न्हाय. रविवारी तुमी येणार असला तर हितंच असलेलं बरं."

नर्सबाईच्या पुस्तकाचं कार्ड मी अजून चिकटवलं नव्हतं, ते कोरंच होतं. आज वाचनालयात मी ते काढून समोर ठेवलं. माझ्या सहीची जागा होती तिथं लक्ष्मीअक्का लिहिलं, आणि वरच्या तीन ओळींसाठी पेन धरून बसून राहिले. तू या पुस्तकाबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होतीस, आणि मी ती प्रत्येक वेळी खोडून काढली होती. शेवटी तेच उतरवलं, तुझ्या शब्दांत, न धुता, न इस्त्री करता.

‘ही दार लावणारी बाई न्हवती.’